गाडी कुणाच्या मापाची? सर्व शरीरयष्टींच्या माणसांसाठी सुरक्षित मोटार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीटबेल्ट आणि एअरबॅग तर सगळ्यांना सारख्याच असतात. मग शरीराच्या मापाचा प्रश्न येतोच कुठे?

सारख्या असतात, इथेच तर गोम आहे. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी भिंतीवर आदळली की गाडी थांबते, आतला माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जात राहतो. जवळपास दहा मीटर उंचीवरून खाली पडणारा माणूस जमिनीला टेकताना जेवढ्या वेगात असेल, तेवढा हा वेग. त्याला थांबवायचं काम पट्टा आणि एअरबॅग यांचं, आणि हाताशी वेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढा.

आता ५० किलोच्या माणसाला या वेगातून थांबवायला जेवढी ऊर्जा शोषावी लागते, त्याच्या बरोबर दुप्पट १०० किलोच्या माणसासाठी लागते. पट्ट्याची ताकद पहिल्याच्या हिशेबाने ठरवली तर दुसरा डॅशबोर्डवर जाऊन आपटेल. दुसऱ्याच्या हिशेबाने ठरवली तर पहिल्याच्या बरगड्या मोडतील. यात अजून हाडांचा ठिसूळपणा, बसण्याची पद्धत, मानेची जाडी, पोटाचा घेर हे धरलेलंच नाही.

गाडीच्या धडकेच्या चाचणीत माणसाऐवजी जो पुतळा (डमी) बसवतात, तो नेमका कुणाच्या मापाचा असतो?

बहुतेक वेळा एका अमेरिकन पुरुषाच्या. या पुतळ्यांचा पूर्वज १९४९ सालचा ‘सिएरा सॅम’. तो बनवला अमेरिकेच्या हवाई दलासाठी, विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनाची चाचणी घ्यायला, म्हणून तो धिप्पाड होता. मोटारींच्या दुनियेत नाव काढलं ते ‘हायब्रिड थ्री’ने. जनरल मोटर्सने तो १९७६ मध्ये तयार केला. उंची १७५ सेंटिमीटर, वजन ७८ किलोच्या आसपास. त्या काळच्या अमेरिकन पुरुषांची सरासरी काढली की हा गडी मिळतो.

तो वाईट नाही, हे आधी सांगायला हवं. त्याची मान, छाती, गुडघे यांची वागणूक प्रत्यक्ष प्रयोगांवरून बेतलेली आहे आणि त्याच्यामुळे असंख्य जीव वाचले आहेत. पण गेली पन्नास वर्षं जगभरातल्या गाड्यांचे पट्टे, एअरबॅग, सीटा यांचं गणित प्रामुख्याने त्याच्याभोवती जुळवलं गेलं. त्याच्यापेक्षा बुटकी, उंच, जाड, बारीक, म्हातारी माणसं या गणितात ‘चालून जाईल’ या खात्यात पडली.

स्त्रियांचा पुतळा आहे असं ऐकलं आहे. मग तक्रार कसली?

आहे, पण तो कसा आहे ते पाहा. ‘हायब्रिड थ्री’ची छोटी आवृत्ती उंचीने सुमारे १५२ सेंटिमीटर आणि वजनाने ४९ किलो. शंभर बायका उंचीनुसार ओळीत उभ्या केल्या तर पहिल्या पाचांत मोडेल एवढी ही लहान. अमेरिकेतली विमा कंपन्यांची रस्ता सुरक्षा संस्था तर हाच पुतळा बारा वर्षांच्या मुलाच्या जागीही धरते. शिवाय तो बनवताना पुरुषी पुतळ्याची मापं आक्रसून घेतली होती. बाईचं शरीर म्हणजे पुरुषाचं लहान झेरॉक्स नव्हे. कटीच्या हाडाचा आकार निराळा, मानेच्या मणक्यांची ठेवण निराळी, वजन शरीरात कुठे साठतं तेही निराळं.

आणखी एक गंमत, खरं तर गंमत म्हणू नये. अमेरिकेच्या सरकारी स्टार रेटिंगमध्ये समोरून धडकेच्या चाचणीत २०११ च्या मॉडेल्सपासून ही छोटी बाई बसवू लागले, पण शेजारच्या सीटवर. स्टिअरिंगमागे बुवाच! बाई गाडी चालवते ही कल्पना चाचणीच्या कागदावर फार उशिरा उतरली.

आता चित्र हलू लागलं आहे. स्वीडनमधल्या संशोधक अ‍ॅस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने २०२२ मध्ये सरासरी स्त्रीचा पुतळा लोकांसमोर आणला. उंची १६२ सेंटिमीटर, वजन ६२ किलो, मागून बसणाऱ्या कमी वेगाच्या धडकांसाठी. अमेरिकेच्या परिवहन खात्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘थोर-०५एफ’ हा लहानखुऱ्या स्त्रीचा नवा पुतळा जाहीर केला. तो मुळातून स्त्रीच्या शरीररचनेवर बेतलेला आहे.

पण बायकांना खरंच जास्त इजा होतात का? की त्या लहान गाड्या चालवतात म्हणून आकडे तसे दिसतात?

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर ‘दोन्ही’ असं आहे.

व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात, सारख्याच स्वरूपाच्या अपघातांत पट्टा लावलेल्या स्त्री चालकांना गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषांपेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त आढळली. त्याच विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात समोरून झालेल्या धडकांसाठी हा आकडा ७३ टक्के निघाला. वय, उंची, बांधा, धडकेची तीव्रता यांचा हिशेब करूनही.

पुढे २०२१ मध्ये वर उल्लेख आलेल्या विमा संस्थेने आकडे वेगळ्या प्रकारे चाळले. पुरुष जड गाड्यांत जास्त असतात आणि बऱ्याचदा धडक देणारी गाडी त्यांची असते, धडक खाणारी नव्हे. हा फरक काढून टाकला तर दरी पुष्कळ अरुंद होते. पण पायांच्या इजा काही केल्या जुळेनात. गुडघ्याखालच्या इजांच्या बाबतीत स्त्रियांच्या नशिबी जास्तच आलं.

मृत्यूंच्या बाबतीत बातमी बरी आहे. अमेरिकन सरकारच्या अभ्यासानुसार पुढच्या सीटवरच्या स्त्रियांचा मृत्यूचा जादा धोका जुन्या गाड्यांत १८ टक्क्यांच्या घरात होता, २०१० नंतरच्या मॉडेल्समध्ये तो ६ टक्क्यांच्या आसपास आला. म्हणजे डिझाइन सुधारलं तर फरक पडतो. ‘बायकांचं शरीरच नाजूक, त्याला काय करणार’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांना हा आकडा ऐकवावा.

मागून धडक बसली की मान लचकते. त्यातही शरीराचा फरक असतो?

सर्वांत जास्त फरक कदाचित इथेच आहे. मागून धक्का बसला की सीट धडाला पुढे ढकलते, डोकं मात्र क्षणभर होतं तिथेच राहतं आणि सगळा ताण मानेवर येतो. स्त्रियांना या दुखापतीचा धोका पुरुषांच्या दुपटीच्या आसपास असल्याचं अनेक देशांत दिसून आलं आहे.

कारण समजून घेण्यासारखं आहे. सीटची पाठ अशी बनवतात की धडाचा भार पडल्यावर ती थोडी मागे झुकावी, म्हणजे धक्का सावकाश लागतो. हलक्या धडाच्या भाराने ती पुरेशी झुकतच नाही. मग बाई चेंडूसारखी लवकर आणि जोरात पुढे फेकली जाते. साब या मोटार कंपनीने १९९७ मध्ये आणि व्होल्वोने १९९८ मध्ये मान वाचवणाऱ्या सीटा आणल्या, त्यांचा फायदा दोघांनाही झाला, पण पुरुषांना अधिक. मागून धडकेच्या चाचणीचा रूढ पुतळाही पुरुषाचाच होता, मग दुसरं काय होणार?

तुमच्या हातात काय आहे, तर हेडरेस्ट. त्याचा वरचा काठ निदान कानाच्या वरच्या टोकाएवढा उंच हवा, आणि डोकं व हेडरेस्ट यांच्यातली फट जितकी कमी तितकी बरी. त्याला हेडरेस्ट म्हणतात म्हणून लोकांना ते डोकं टेकवून आराम करायची जागा वाटते. त्याचं खरं काम निराळं आहे.

माझी उंची कमी आहे, म्हणून स्टिअरिंगला खेटून बसावं लागतं. एअरबॅग मलाच मारणार नाही ना?

भीती निराधार नाही. समोरची एअरबॅग साधारण तीस-चाळीस मिलिसेकंदांत फुगते, डोळ्याची पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. फुगत असतानाच कुणी तिला चिकटून असेल तर ती उशी राहत नाही, ठोसा होते. अमेरिकेत १९९० ते २००८ या काळात हळू वेगाच्या अपघातांतही समोरच्या एअरबॅगमुळे २९० हून अधिक मृत्यू झाले. त्यांत लहान मुलं, कमी उंचीचे चालक आणि पट्टा न लावलेले लोक मोठ्या संख्येने होते. पण यांतले जवळजवळ नव्वद टक्के मृत्यू १९९८ च्या आधी बनलेल्या गाड्यांतले. त्या काळी एअरबॅग पट्टा न लावलेल्या सरासरी पुरुषाला थोपवता येईल इतक्या जोराने फुगवत. नंतर तो जोर कमी केला, आणि पुढे सीटवर कोण बसलं आहे, सीट किती पुढे ओढली आहे हे ओळखून जोर ठरवणाऱ्या एअरबॅग आल्या.

छातीचं मधलं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. सीटची पाठ थोडी मागे करा, सीट वर उचलता येत असेल तर उचला, स्टिअरिंग खाली झुकवून त्याचा रोख चेहऱ्याऐवजी छातीकडे करा. तरी पाय पोचत नसतील तर पेडल लांब करणारे जोड मिळतात, ते जाणकाराकडून बसवून घ्या. एअरबॅग बंद करणं हा अगदी शेवटचा उपाय.

मी सहा फुटांहून उंच आहे. मला काही धोका?

हेडरेस्ट पुरेसं वर येतं का आणि बसल्यावर डोकं छताला लागतं का, एवढं आधी बघा. उंच माणसं जागा करण्यासाठी सीट फार मागे रेलवतात. मग पट्टा खांद्यापासून सुटून राहतो आणि धडकेत शरीर त्याच्याखालून घसरतं. मोठ्या पुरुषाचा पुतळाही आहे, १८८ सेंटिमीटर आणि १०१ किलोचा, पण अधिकृत चाचण्यांत त्याला क्वचितच बोलावणं येतं.

वजन जास्त असलेल्या माणसाला अंगावरची चरबी उशीसारखी वाचवत नाही का?

हा समज फार पसरलेला आहे. पोटाला थोडासा फायदा होत असेलही, पण एकूण हिशेब उलटाच लागतो.

पट्ट्याचा कमरेवरचा भाग कटीच्या हाडाच्या दोन्ही कडांत अडकायला हवा. शरीरातली ती सर्वांत भक्कम जागा. पोट मोठं असेल तर पट्टा हाडापासून लांब, मऊ मांसावर बसतो. धडकेच्या क्षणी आधी ते मांस दाबलं जातं आणि तेवढ्या वेळात शरीर पुढे सरकलेलं असतं. काही वेळा पट्टा हाडाच्या कडेवरून निसटून थेट पोटात घुसतो आणि आतडी, यकृत, प्लीहा यांना इजा होते. वर वजनामुळे ऊर्जाही जास्त. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सर्वाधिक स्थूल गटातल्या चालकांचा मृत्यूचा धोका सामान्य वजनाच्या चालकांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी जास्त दिसला.

यावर ‘वजन कमी करा’ हे उत्तर देणारे डॉक्टर असतील, गाडीच्या अभियंत्याला ते शोभत नाही. ह्युमॅनेटिक्स या पुतळे बनवणाऱ्या कंपनीने सुमारे १२४ किलोचा पुतळा तयार केला, तो याच विचारातून. पट्टा कमरेला आधीच घट्ट ओढणारी यंत्रणा, बकलची नीट निवडलेली जागा आणि सीटच्या पुढच्या भागाचा चढ यांनी बराच फरक पडतो. तुम्ही स्वतः करण्यासारखं एवढंच : पोट हाताने उचलून पट्टा त्याच्याखाली, मांड्यांच्या सांध्यात बसवा आणि खांद्याकडून ओढून ढील काढा. पट्टा पुरतच नसेल तर त्याच गाडीच्या कंपनीचा जोडपट्टा घ्या, बाजारातला भलताच नको.

गरोदरपणी पट्टा लावावा का? बाळाला दाब नाही बसणार?

लावायचाच, शेवटच्या दिवसापर्यंत. कमरेचा भाग पोटाच्या खाली, मांड्यांवर टेकलेला. खांद्याचा भाग दोन स्तनांच्या मधून, पोटाच्या कडेने. पोटावरून आडवा पट्टा कधीही नको.

अपघातात बाळाला सर्वांत मोठा धोका वार (प्लॅसेंटा) सुटण्याचा असतो. गर्भाशय लवचिक असतं, धक्क्याने त्याचा आकार बदलतो, वार मात्र तेवढी ताणली जात नाही आणि भिंतीपासून सुटते. आई स्टिअरिंगवर आपटली तर हा धोका कितीतरी वाढतो, म्हणून आईला धरून ठेवणारा पट्टा बाळालाही वाचवतो. एअरबॅग चालू ठेवा आणि पोट वाढेल तशी सीट मागे घ्या. गरोदर स्त्रीचा पुतळा मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी बनवला, व्होल्वोने संगणकावरचं प्रारूप तयार केलं. पण स्टार देणाऱ्या चाचण्यांत अजून गरोदर बाई बसलेली नाही.

वयस्कर माणसांसाठी वेगळं काय लागतं?

मऊ हाताने धरणारा पट्टा. वय वाढतं तशी हाडं ठिसूळ होतात आणि तरुणाच्या छातीवर फक्त वळ उठवणारा पट्टा सत्तरीतल्या माणसाच्या चार-पाच बरगड्या मोडतो. बरगड्या दुखतात म्हणून खोल श्वास घेतला जात नाही, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. अपघातातून वाचलेला माणूस पुढे दवाखान्यात दगावतो तो अशाने.

यावरचा जुना आणि साधा उपाय म्हणजे पट्ट्याच्या गुंडाळीत बसवलेली पिळली जाणारी दांडी. ताण ठराविक मर्यादेपलीकडे गेला की दांडी पिळते आणि पट्टा थोडा सैल सोडते. फोर्डने २०११ च्या एक्सप्लोररमध्ये मागच्या सीटला फुगणारा पट्टा दिला होता, दाब छातीच्या जास्त भागावर पसरावा म्हणून. तो फार पसरला नाही, याची मला हळहळ वाटते.

मुलं लवकर ‘मोठ्यांच्या’ सीटवर बसायचा हट्ट करतात. काय बघून परवानगी द्यावी?

वय बघू नका, पट्टा कुठे बसतो ते बघा. पाठ सीटला पूर्ण टेकवून गुडघे कडेवर दुमडतात का? कमरेचा पट्टा मांड्यांवर आणि वरचा खांद्याच्या मध्यावर येतो का, गळ्याला न घासता? यातलं एकही जमत नसेल तर बूस्टर हवंच. मुलांच्या कटीच्या हाडाच्या कडा अजून पुरत्या वाढलेल्या नसतात, पट्टा तिथे अडकतच नाही. बूस्टर मुलाला उचलून पट्ट्याच्या मापात आणतं.

तान्ह्या बाळांचं डोकं शरीराच्या मानाने खूप मोठं आणि मानेचे मणके अजून अर्धे कूर्चेचे. म्हणून त्यांची सीट गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून हवी. संयुक्त राष्ट्रांच्या नियम १२९ प्रमाणे किमान १५ महिने पुरे होईपर्यंत, त्याहून जास्त काळ ठेवलं तर उत्तम. चालू एअरबॅगसमोर अशी सीट ठेवणं म्हणजे बाळाच्या डोक्यामागे सुरुंग ठेवणं.

व्हीलचेअरवर बसूनच प्रवास करायचा असेल तर?

व्हीलचेअर आणि माणूस, दोघांना वेगवेगळं बांधायचं असतं. खुर्चीला चार बिंदूंवर पट्टे, माणसाला स्वतंत्र तीन बिंदूंचा पट्टा. आयएसओ ७१७६-१९ या मानकाला उतरलेली खुर्ची ताशी ४८ किलोमीटरच्या धडकेत तपासलेली असते. प्रत्यक्षात घोळ होतो तो हातांच्या टेकूपाशी : पट्टा टेकूवरून घेतला की तो कमरेला स्पर्शच करत नाही. तो टेकूच्या खालून किंवा आतून, अंगाला लागून जायला हवा.

संगणकावर सगळी शरीरं तपासता येतात ना? मग पुतळ्यांची गरज काय?

येतात, आणि माझ्या मते पुढचा रस्ता तोच आहे. टोयोटाने २००० मध्ये आणलेलं ‘थम्स’ हे हाडं, स्नायू, अवयव असलेलं संगणकी शरीर २०२१ पासून सर्वांना मोफत दिलं. युरोपातल्या ‘व्हिवा प्लस’ या तशाच संगणकी शरीराने तर सुरुवातच सरासरी स्त्रीपासून केली. एका रात्रीत शेकडो उंच्या, वजनं, वयं यांची धडक घडवून बघता येते. एवढे पुतळे बनवायचे तर कारखाने अपुरे पडतील.

पण संगणकातली बरगडी कधी मोडते, हे त्याला सांगावं लागतं, आणि ती माहिती देहदान केलेल्या पार्थिवांवरच्या प्रयोगांतून येते. ती पार्थिवं बहुतांशी वयस्क पुरुषांची होती. म्हणजे जुनी उणीव नव्या यंत्रात हळूच शिरू शकते.

पाच स्टार मिळाले म्हणजे गाडी माझ्यासाठीही सुरक्षित, असं समजू का?

अर्धवट. स्टार कोणत्या सीटवर कोणता पुतळा बसवून मिळाले, हे संस्थेच्या अहवालात असतं. युरो एनकॅप या गाड्यांना स्टार देणाऱ्या युरोपातल्या संस्थेने २०१५ पासून संपूर्ण रुंदीच्या धडकेत चालक आणि मागचा प्रवासी, दोन्हीकडे लहान स्त्रीचा पुतळा बसवला. अमेरिकन विमा संस्थेने २०२२ मध्ये मागच्या सीटवर तो आणला, तेव्हा पुढे उत्तम गुण मिळवणाऱ्या अनेक गाड्या मागच्या सीटच्या गुणांत आपटल्या. कित्येक गाड्यांत पट्टा आधी ओढणारी आणि ताण मर्यादेत ठेवणारी यंत्रणा फक्त पुढच्या सीटांना होती. घरातली मुलं आणि वडीलधारी बसतात कुठे? मागेच.

मग सगळ्यांना मापात बसेल अशी गाडी बनवायला अडतं काय?

तंत्र नाही अडत. सीटमधला वजनाचा सेन्सर, रुळावरची सीटची जागा, आतला कॅमेरा यांवरून समोर कोण बसलं आहे हे गाडीला कळतं. व्होल्वोने २०२५ मध्ये जाहीर केलेला पट्टा ताणाच्या अकरा पायऱ्यांतून बसणाऱ्याला साजेशी पायरी निवडतो, पूर्वी अशा तीन पायऱ्या होत्या. याच कंपनीने १९५९ मध्ये तीन बिंदूंचा पट्टा आणून त्याचं पेटंट सर्वांना खुलं केलं होतं, आणि २०१९ मध्ये चाळीस हजारांहून अधिक अपघातग्रस्त गाड्यांवरून जमवलेलं ज्ञानही खुलं केलं.

अडतं ते परीक्षेपाशी. प्रश्नपत्रिकेत दोन-तीन शरीरंच येणार असतील तर कंपन्या तेवढाच अभ्यास करतात. नियमातली शरीरं वाढली की कारखान्यातली वाढतील.

पट्टा गळ्याला घासतो, म्हणून क्लिप लावली तर चालेल?

नको. क्लिपमुळे पट्टा खांद्यावरून सरकतो किंवा त्यात ढील राहते. खांबावरचं पट्ट्याचं टोक वर-खाली करता येतं का ते आधी पाहा, मग सीट वर-खाली करून बघा. जाड जॅकेट काढून बसा. गाडी अजून घेतलेली नसेल तर काम सोपं आहे : घरातल्या सर्वांत बुटक्या आणि सर्वांत जाड माणसाला बरोबर न्या, दोघांनाही पट्टा लावायला सांगा आणि तो कुठे बसतो ते शोरूममध्येच बघून घ्या.